पुढे वेरा, मागे फुलं

बडोद्यात नव्याने आलेल्या पाहुण्याला पत्ता सांगायचा तर आपली सगळी भिस्त खुणांवर असते. सूरसागर, मांडवी, रावपुऱ्याचा टॉवर आणि खंडेराव मार्केट. रिक्षावाल्याला तर पूर्ण नावही लागत नाही. ‘खंडेराव’ म्हटलं की रिक्षा सुरू. हे नाव आपण घेतो, गुजराती शेजारी घेतात, गेल्या वर्षी परप्रांतातून येऊन गाडी लावणारा भाजीवालाही घेतो. पण हे खंडेराव कोण, असं विचारलं तर बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

मागे पुण्याहून माझा भाचा सुट्टीला आला होता. मार्केटच्या इमारतीकडे मान वर करून बघत त्याने विचारलं, “मावशी, खंडेराव म्हणजे जेजुरीचे का?” मी म्हटलं, “नाव तिथूनच आलेलं. पण हे आपले गायकवाड, बडोद्याचे राजे.” त्यावर त्याचा पुढचा प्रश्न तयार, “मग हा त्यांचा राजवाडा होता?”

प्रश्न अगदी रास्त आहे. इमारत आहेच महालासारखी आणि उभी आहे राजमहाल रोडवर. मधली मोठी कमान, दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेले भाग, ओळीने कमानी, वर छत्र्या आणि घुमट. आत मात्र राजा नाही, सिंहासन नाही. आत आपली महानगरपालिका आहे. पुढच्या भागात साहेब लोकांची ऑफिसं, फायली, वेरा, अर्ज. आणि मागे गेलं की भाजी, फळं आणि फुलं. आमच्या घरात या जागेचं वर्णन चार शब्दांत व्हायचं: पुढे वेरा, मागे फुलं.

मी बडोद्यातच वाढले, इथेच बीई केलं आणि आता घरातल्या एका खोलीत लॅपटॉपसमोर बसून दूरच्या शहरातल्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिते. कामाच्या निमित्ताने पाय घराबाहेर पडत नाही. पण सणाच्या आदल्या दिवशी पाय आपोआप या इमारतीच्या मागच्या बाजूला वळतात, कारण तिथे आमच्या फुलवाल्या काकांचं दुकान आहे. ते दुकान आणि त्याला सावली देणारी इमारत, या दोघांची गोष्ट आज सांगायची आहे.

न पाहिलेल्या वडिलांचं नाव

खंडेराव गायकवाड १८५६ साली गादीवर आले आणि १८७० पर्यंत त्यांनी राज्य केलं. माणूस हौशी. कुस्तीचा नाद, शिकारीचा नाद आणि जवाहिराचा तर विशेष नाद. ब्राझीलमध्ये सापडलेला ‘स्टार ऑफ द साउथ’ हा प्रसिद्ध हिरा त्यांनी विकत घेतला होता. अस्सल मोत्यांनी भरलेला तो सुप्रसिद्ध गालिचा त्यांनीच करवून घेतला. २००९ साली दोह्याच्या लिलावात तो जवळजवळ साडेपाच दशलक्ष डॉलरला गेला.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे नुसता उधळेपणा. पण याच खंडेरावांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम ही नॅरोगेज रेल्वे सुरू झाली. भारतातली ती पहिली नॅरोगेज लाइन. गंमत अशी की सुरुवातीला तिच्यावर इंजिन नव्हतं. रुळांवरचे डबे बैल ओढायचे. लोखंडी रुळांवरून बैलांनी ओढलेली आगगाडी हे चित्र मला फार आवडतं. नवीन पुरतं आलेलं नाही, जुनं पुरतं गेलेलं नाही, आणि तरी गाडी चालू आहे. बडोद्याचा स्वभाव थोडा असाच आहे.

१८७० मध्ये खंडेराव वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्या पत्नी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या, पण पुढे त्यांना मुलगी झाली आणि खंडेरावांचे भाऊ मल्हारराव गादीवर राहिले. मल्हाररावांचा कारभार पाच वर्षांत इतका बिघडला की १८७५ साली इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं आणि जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी दिली. गायकवाडांच्या दूरच्या शाखेतली काही मुलं नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावाहून बडोद्याला आणली गेली. त्यातल्या बारा वर्षांच्या गोपाळरावाला ‘इथे कशाला आलास?’ असं विचारल्यावर त्याने ‘राज्य करायला’ असं उत्तर दिलं, असं सांगतात. २७ मे १८७५ रोजी तो दत्तक गेला आणि त्याचं नाव झालं सयाजीराव.

आता जरा तारखा जुळवून बघा. गोपाळरावाचा जन्म १८६३ चा. खंडेराव वारले तेव्हा तो सात वर्षांचा, कवळाण्यात शेताबांधावर खेळणारा मुलगा. म्हणजे कागदोपत्री जे त्याचे वडील झाले, त्यांना त्याने पाहिलेलंही नसणार. राज्य मिळालं, आई मिळाली, वडिलांचं मात्र फक्त नाव मिळालं.

पुढची सहा वर्षं शिक्षणात गेली. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असं सगळं शिकून डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीरावांनी राज्याची सगळी सूत्रं हाती घेतली. त्याला पंचवीस वर्षं झाली १९०६ साली. रौप्यमहोत्सव म्हटला की राजेलोक काय करतात? स्वतःचा पुतळा उभारतात, हत्तीवरून मिरवणूक काढतात. सयाजीरावांनी त्या निमित्ताने ही इमारत बांधली, शहराच्या नगरपालिकेला भेट दिली आणि तिला नाव दिलं त्या न पाहिलेल्या वडिलांचं.

त्याच १९०६ साली त्यांनी आणखी एक गोष्ट केली. अमरेली भागात १८९३ पासून सुरू केलेलं सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सगळ्या बडोदा राज्याला लागू केलं. मुलांना शाळा आणि गावाला बाजार. एका राजाच्या पंचविशीचा हा हिशेब मला तरी कुठल्याही मिरवणुकीपेक्षा मोठा वाटतो.

माणसाचं नाव रोजच्या उपयोगाच्या वस्तूला द्यायचं, ही सयाजीरावांची पद्धतच दिसते. त्यांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई ऐन तरुण वयात, १८८५ साली वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ रावपुऱ्यात १८९६ साली घड्याळाचा टॉवर बांधला गेला. ज्याच्याकडे बघून आपली आजी-आजोबांची पिढी वेळ लावायची, तो रावपुरा टॉवर म्हणजे चिमणाबाईंची आठवण आहे. ताजमहाल बघायला तिकीट काढावं लागतं. आपल्याकडची ही स्मारकं आपण भाजीची पिशवी हातात धरून ओलांडतो.

भाजीबाजाराला घुमट कशाला?

या इमारतीची शैली इंडो-सारासेनिक. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज वास्तुकारांनी इथल्या मुघल आणि राजपूत इमारतींमधले घुमट, छत्र्या, झरोके, महिरपी कमानी उचलल्या आणि युरोपीय धाटणीच्या आखणीवर बसवल्या. आपल्याकडचा तिचा सगळ्यात मोठा नमुना म्हणजे १८९० साली पुरा झालेला लक्ष्मीविलास पॅलेस. चार्ल्स मँट यांनी तो आखला आणि रॉबर्ट चिझम यांनी पुरा केला. मुंबईतल्या गेटवे ऑफ इंडियाची गणतीही याच शैलीत होते.

म्हणजे राजाने स्वतःच्या वाड्यासाठी जी भाषा वापरली, तीच बाजाराच्या इमारतीसाठीही वापरली. पत्र्याची शेड टाकून काम भागलं असतं. कांदे-बटाटे घुमटाखाली ठेवले म्हणून जास्त दिवस टिकत नाहीत. पण बाजारात येणारा माणूस वाड्यात येणाऱ्या माणसाइतकाच मानाचा, असं या इमारतीकडे बघून मला वाटतं. हा माझा अर्थ आहे, कुठल्या दप्तरात लिहिलेला नाही. पण घरवेरा भरायला आलेल्या माणसाला एवढ्या मोठ्या कमानीखालून आत जावं लागतं, ही गोष्ट काही लहान नाही.

ओटा, पत्रा आणि ओलं गोणपाट

आता मागच्या बाजूला या.

काकांचं दुकान म्हणजे खरं तर एक ओटा आणि वर पत्रा. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आजोबा इथे टोपली घेऊन जमिनीवर बसायचे. वडिलांच्या वेळी ओटा झाला. पत्रा काकांनी घातला. तीन पिढ्यांत दुकान एवढंच वाढलं, आणि काकांना त्यात काही कमी वाटत नाही. समोर झेंडूचा ढीग, बाजूला बांबूच्या टोपल्यांत देशी गुलाब, ओल्या गोणपाटाखाली मोगरा आणि लिलीच्या कळ्या, कोपऱ्यात पाण्याच्या बादलीत गुलछडी. छताला टांगलेले हार. आणि डमऱ्याचा वास. डमरो म्हणजे आपला मरवा. गुजराती हारांत गुलाबांच्या मध्ये त्याची हिरवी पेरं घालतात. हा वास आला की डोळे मिटूनही सांगता येतं, आपण खंडेरावच्या मागे उभे आहोत.

त्यांचा दिवस आपण झोपलेले असताना सुरू होतो. आजूबाजूच्या गावांतून पहाटे माल येतो, अंधारात सौदे होतात आणि उजाडेपर्यंत पहिले हार देवळांकडे रवाना झालेले असतात. मग घरगुती गिऱ्हाईक. रोजच्या पूजेचा पुडा: पाच-सहा फुलं, तुळस, चार दुर्वा, सोमवारी बेल, मंगळवारी जास्वंद. पानात बांधून वर दोरा. महिन्याचे पैसे एकदम.

फूल हा माल किती नाजूक आहे ते इथे चार तास बसल्यावर कळतं. आमच्या धंद्यात तारीख चुकली तर पुढच्या आठवड्यात करू म्हणता येतं. इथे सकाळी अकराला जो गुलाब विकला गेला नाही, त्याच्या संध्याकाळी पाकळ्याच उरतात. आदल्या रात्री पाऊस झाला तर झेंडू पाणी पितो, वजनाला जड लागतो आणि दुसऱ्या दिवशी आतून काळा पडतो. काका फूल हातात घेऊन फक्त दाबतात आणि सांगतात, हा आजचा, हा कालचा. पितृपक्षात गिऱ्हाईक रोडावतं. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुरतां, म्हणजे लग्नं बंद, म्हणजे मोठ्या हारांचं काम बंद. देवउठी एकादशीला मांडवीच्या विठ्ठलमंदिरातून विठोबाचा वरघोडा निघतो, त्या आठवड्यापासून पुन्हा हात रिकामा राहत नाही.

हार करण्याच्याही दोन पद्धती. झेंडू सुईने ओवतात, फटाफट, बघता बघता हातभर माळ. मोगऱ्याला सुई चालत नाही, देठाशी दोऱ्याची गाठ मारत जावं लागतं, आणि गाठ जरा जास्त ओढली की कळी तुटते. काकी गप्पा मारता मारता, समोर न बघता गजरा करतात. मी एकदा मोजत होते. माझी एक गाठ होईपर्यंत त्यांच्या सात.

झेंडू की गलगोटा?

आमच्यासारख्या घरांचं या दुकानाशी नातं भाषेतूनही आहे. काका गुजराती. झेंडूला ते गलगोटा म्हणतात, कुणी हजारी म्हणतं. पण दुर्वा, पत्री, तेरडा, वेणी, मुंडावळ्या हे शब्द ते आपल्यासारखेच उच्चारतात. दसऱ्याला गुजराती गिऱ्हाईक आलं की आसोपालवाचं तोरण पुढे करतात, मराठी आलं की आंब्याच्या डहाळ्या आणि आपट्याची पानं. तोंड उघडायच्या आधी कसं ओळखता, असं विचारलं तर म्हणाले, “पिशवीवरून. गुजराती बेन फुलं घ्यायला पिशवी आणते. मराठी काकू डबा आणते.”

मध्यंतरी मला वाटलं, यांना आपण एक सोपी गोष्ट करून द्यावी. कोणत्या मराठी सणाला काय लागतं, त्याचं तिथीवार कोष्टक. मोबाइलवर उघडेल, आदल्या आठवड्यात आठवण देईल. मी कालनिर्णय घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि पहिलं नाव वाचलं. त्यानंतर वाचायची वेळ आलीच नाही. एका हाताने झेंडू ओवत काकांनी घडाघडा सुरू केलं:

“चैत्रात गौरीचं हळदीकुंकू, मोगरा जास्त ठेवायचा. श्रावणात मंगळागौर, सोळा प्रकारची पत्री. हरतालिकेला बेल. गणपतीला दुर्वांच्या जुड्या, लाल जास्वंद, केवडा, एकवीस पत्री. गौरीला तेरडा, मुळासकट, मूळ तुटलेलं चालत नाही. नोरतांत घटावर रोज एक माळ, नऊ दिवस, काही घरं तिळाच्या फुलांची मागतात. दसऱ्याला सगळंच. मागशरमध्ये गुरुवार, पाच झाडांच्या डहाळ्या.”

मग माझ्याकडे बघून म्हणाले, “हवे बोल, शुं लखवानुं छे?”

काय लिहायचं राहिलं होतं? आमच्या घरात माझ्या वयाच्या कुणालाही हे न अडखळता सांगता येणार नाही. ‘तेरडा मुळासकट लागतो’ हे ज्ञान आमच्या आजीकडे होतं आणि आता या गुजराती माणसाकडे आहे. आपली संस्कृती जपायची म्हणून आपण कार्यक्रम करतो, भाषणं ऐकतो. ते करावंच. पण त्या संस्कृतीचा एक बराच मोठा भाग खंडेरावच्या मागे, ओल्या गोणपाटाखाली, दुसऱ्याच्या पाठांतरात सुरक्षित आहे.

आणि ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तो तरी कुठे इथला? झेंडू मूळचा मेक्सिकोचा. समुद्र ओलांडून आला, इथल्या मातीत रुजला, आणि आता त्याच्याशिवाय देवीची माळ पुरी होत नाही. बाहेरून येऊन रुजलेल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दोन १ मे

बडोद्याच्या इतिहासात १ मे दोनदा येतो. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि बडोदा गुजरातेत राहिलं. महाराष्ट्रातले आपले नातेवाईक तो दिवस महाराष्ट्र दिन म्हणून साजरा करतात. आपल्या शाळेतही त्या दिवशी झेंडावंदन असायचं, फक्त गुजरात स्थापना दिनाचं.

या दोन तारखांच्या मध्ये आणि नंतर आपल्या घरांचं बरंच काही बदललं. राजाच्या नोकरीतली घरं सरकारी नोकरीत, बँकेत, कारखान्यांत, शाळा-कॉलेजांत गेली. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथले वाडे हळूहळू रिकामे झाले. मुलं मांजलपूर, गोत्री, वासणा रोडला फ्लॅटमध्ये गेली, आणि त्यांची मुलं पुणे, बंगळूर, कॅनडा. हे सगळं काकांच्या वहीत दिसतं. लाल कापडी पुठ्ठ्याची, आडवी उघडणारी वही. पूर्वी जुन्या शहरातल्या मराठी घरांची खाती पानंच्या पानं भरायची. आता ती पानं लवकर संपतात.

इमारतींचंही असंच असतं. जवळच न्यायमंदिर आहे, चिझम यांनीच आखलेलं, १८९६ साली उघडलेलं. शंभरावर वर्षं तिथे कोर्ट चाललं. काही वर्षांपूर्वी कोर्ट नव्या जागी गेलं आणि पायऱ्यांवरची वकील, टायपिस्ट, चहावाल्यांची गर्दी एका आठवड्यात नाहीशी झाली. इमारत तशीच देखणी आहे. पण तिच्यासमोरून जाताना माणूस आता फक्त बघतो, आत जात नाही. खंडेराव मार्केटमध्ये आजही लोक आत जातात. कुणी वेरा भरायला, कुणी तक्रार द्यायला, कुणी पावशेर मोगरा घ्यायला. शंभरावर वर्षांच्या इमारतीला हे भाग्य सहसा मिळत नाही.

पण ओट्यावर बसणारा माणूस राहील का, हा प्रश्न आहेच. काकांचा मुलगा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत नोकरी करतो. मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. संध्याकाळी दुकानात येते, फोनवरच्या ऑर्डरी तीच बघते, पैसे आले की नाही ते तीच तपासते. मी गेले की मुलाखतीत काय विचारतात ते विचारून घेते. मागच्या खेपेला आम्ही अर्धा तास डेटा स्ट्रक्चरवर बोललो, आणि त्या अर्ध्या तासात तिच्या हातून दोन हार झाले. बोलता बोलता म्हणाली, “दीदी, नोकरी लागली तर बहुधा बंगळूरला जावं लागेल. मग पप्पांनी हा ओटा कुणाला द्यायचा?”

तिला मी काय सांगणार? ‘नोकरी सोड आणि परंपरा जप’ असं सांगण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. मी स्वतः माझ्या घराण्याचं कुठलं काम पुढे चालवते आहे? तिने जावं, चांगली नोकरी करावी, हेच मला मनापासून वाटतं. आणि सकाळी खंडेरावच्या मागे डमऱ्याचा वास यावा, हेही तितकंच वाटतं. दोन्ही एकदम कसं व्हायचं, ते मला उलगडलेलं नाही. एवढंच कळतं की काका बसतात तोवर आपण जायला हवं. घरबसल्या दहा मिनिटांत फुलं आणून देणारी ॲप्स आता आली आहेत. त्यांच्यावर झेंडू मिळतो. तेरडा मुळासकट लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

वहीतलं एक खातं

काकांच्या वहीत आडनावं नाहीत. माणसं त्यांनी आपापल्या खुणेने लिहिली आहेत. ‘टॉवर पासेना साहेब’, ‘रोज कमळवाळां’, ‘सूरसागर डॉक्टर’. आमच्या आजीचं खातं ‘तेरडावाळां बा’ या नावाने होतं. दरवर्षी गौरीच्या आठ दिवस आधी ती बजावून यायची, आणि काका जुडी बाजूला काढून ठेवायचे.

आजी गेली त्याला आता काही वर्षं झाली. तेरावं झाल्यावर मी पुड्याचे राहिलेले पैसे द्यायला गेले. काकांनी वही उघडली, रक्कम लिहून घेतली. मी म्हटलं, आता खातं माझ्या नावावर करा. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या महिन्याचं पान उघडून वर तेच नाव लिहिलं. आजही पुडा माझ्या दारात येतो, पैसे माझ्या फोनवरून जातात आणि खातं चालतं ‘तेरडावाळां बा’ या नावाने. त्यांच्या मुलीने आजीला पाहिलेलं नाही. पण हिशेब मोबाइलवर घेताना तिनेही तेच नाव टाइप केलं.

शहराने खंडेरावांचं जे केलं आहे, तेच काकांनी वहीच्या एका पानात केलं आहे.

जाऊन या

एखाद्या रविवारी सकाळी सातच्या आत, ऊन वर येण्याआधी जा. मुलांना घेऊन जा. आधी राजमहाल रोडच्या बाजूला उभे राहा आणि इमारत नीट वरपर्यंत बघा: कमान, झरोके, छत्र्या, घुमट. कवळाण्याहून आलेल्या बारा वर्षांच्या मुलाची गोष्ट तिथे उभं राहून सांगा. बैलांनी ओढलेल्या आगगाडीची सांगितलीत तर मुलं पुढचं सगळं ऐकतील. मग वळसा घालून मागे जा. भाजी घ्या, फुलं घ्या. घासाघीस करा, त्याशिवाय बाजार कसला? मुलांच्या हातात एक मरव्याचं पेर द्या आणि चुरगळून वास घ्यायला सांगा.

आणि गौरी तुमच्या घरी येत असतील तर तेरड्याचं आठ दिवस आधी सांगून ठेवा. ऐन वेळी मुळासकट मिळत नाही.